ताटातून ऊन किती अडतं?

एप्रिल लागला की वर्तमानपत्रांत, मोबाइलवर आणि हल्ली औषधांच्या दुकानांच्या काचांवरही एकच यादी फिरू लागते. टोमॅटो, गाजर, डाळिंब, ग्रीन टी, अक्रोड, डार्क चॉकलेट. हे खा आणि उन्हापासून त्वचा वाचवा. गेल्या काही वर्षांत या यादीला गोळ्यांची जोड मिळाली आहे. ‘आतून सनस्क्रीन’ अशा थाटात विकल्या जाणाऱ्या या गोळ्यांचा महिन्याचा खर्च एखाद्या घराच्या किराण्याएवढा होतो. ओपीडीत खारघर, कामोठ्याची कॉलेजातली मुलं विचारतात, “डॉक्टर, ही गोळी सुरू केली तर क्रीम लावायला नको ना?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही उपलब्ध आहे. पण ज्यांची कातडी या तालुक्यात उन्हानं खरोखर सोलून निघते, त्यांच्याकडून हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. आणि अन्न, ऊन व त्वचा यांचं वैद्यकशास्त्राला सर्वांत पक्कं ठाऊक असलेलं नातं नेमकं त्यांच्याच अंगावर दिसतं. म्हणून आज दोन्हींबद्दल लिहितो.

आधी उन्हाबद्दल. ऊन म्हटलं की आपल्या डोक्यात उष्णता येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला, तेव्हापासून पनवेलकराला उष्णतेची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण उष्माघात हा शरीराच्या आतलं तापमान वाढल्यानं होतो, तर त्वचा बिघडवतात ते अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि तापतही नाहीत. वारं सुटलं, गार वाटलं, तरी त्यांचं काम चालूच असतं. माथेरानला थंड हवेत दिवसभर फिरून आलेली माणसं दुसऱ्या दिवशी नाक सोलून घेऊन येतात ती यामुळेच. पातळ ढगांतून हे किरण बरेचसे आरपार येतात. पावसाळ्यात कलावंतीण किंवा कर्नाळ्याला जाणाऱ्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात.

पनवेल साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या बुडाशी लपते. जुलैत निदान ढग असतात. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक आपल्याकडे ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ३ पासून काळजी घ्यायला सांगतात आणि ११ च्या पुढे ‘अतितीव्र’ हा शेवटचा रकाना आहे. म्हणजे आपण वर्षातले काही महिने त्या पट्टीच्या टोकालाच राहतो.

तरीही आपल्याकडे उन्हानं होणारा त्वचेचा कर्करोग युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानानं फार कमी आढळतो. याचं श्रेय कोणत्याही फळाला नाही, ते आपल्या त्वचेतल्या मेलॅनिनला आहे. सावळा रंग हीच आपली जन्मजात छत्री. (लग्नाच्या बाजारात जिला लोक नाकं मुरडतात, तीच.) त्यामुळे पाश्चात्त्य लेखांतली ‘कर्करोग टाळा’ ही हाक आपल्या बहुतेकांना जशीच्या तशी लागू पडत नाही. अपवाद आहेत. जन्मतः रंगद्रव्य नसलेली मुलं, कोड असलेली कातडी आणि अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे रुग्ण यांनी उन्हाला गंभीरपणेच घ्यायला हवं. बाकीच्यांच्या तक्रारी म्हणजे गालांवरचा वांग, हात-मान काळवंडणं, उन्हात गेल्यावर उठणारं खाजरं पुरळ आणि वयाआधी जाड, सुरकुतलेली होणारी कातडी. द्रुतगती महामार्गावर रोज गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा असतो. किरणांचा एक प्रकार काचेतूनही येतो, त्याचा हा पुरावा.

आता यादीकडे वळू. तिच्यातला सगळ्यांत दमदार उमेदवार टोमॅटो आहे, आणि त्याच्यामागे खरं संशोधन आहे. २००१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना रोज ४० ग्रॅम टोमॅटोची घट्ट पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर खायला घातली. त्यातून रोज सुमारे १६ मिलिग्रॅम लायकोपीन पोटात जात होतं. टोमॅटोला लाल करणारं द्रव्य ते हेच. मग पाठीच्या छोट्या भागावर कृत्रिम सूर्यप्रकाश पाडून किती लाली येते हे मोजलं. चौथ्या आठवड्यात काहीच फरक नव्हता. दहाव्या आठवड्यात पेस्ट खाणाऱ्यांच्या त्वचेवरची लाली इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी भरली.

‘४० टक्के’ हा आकडा मथळ्यात छान दिसतो. आता तो आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहा. ताज्या टोमॅटोत १०० ग्रॅमला लायकोपीन साधारण ३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, जातीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे १६ मिलिग्रॅमसाठी एका माणसाला रोज अर्धा किलो टोमॅटो, तेही अडीच महिने न चुकता. चौघांच्या घराला दिवसाला दोन किलो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली होती हे ज्या गृहिणींना आठवतं, त्यांच्यापुढे हा सल्ला द्यायची माझी हिंमत नाही. शिवाय प्रयोग गोऱ्या त्वचेवर झाला आणि त्यात मोजली गेली ती लाली, काळवंडणं किंवा वांग नाही. लाली ४० टक्के कमी म्हणजे ४० एसपीएफचं क्रीम लावलं असाही अर्थ होत नाही. त्वचेवर नीट लावलेल्या मलमाच्या तुलनेत आहारातून मिळणारं हे संरक्षण फारच तोकडं आहे, आणि असं संशोधन करणारी मंडळी स्वतःही तेच सांगतात.

त्या प्रयोगातून घेण्यासारखं एक मात्र आहे. लायकोपीन तेलात विरघळतं आणि शिजवल्यावर अंगी जास्त लागतं. कोशिंबिरीतल्या कच्च्या टोमॅटोपेक्षा फोडणी दिलेलं सार किंवा तेलावर परतलेली भाजी या कामाला बरी. आपल्या आज्या कोणताही शोधनिबंध न वाचता तेच करत होत्या.

गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, अळू, शेवग्याचा पाला यांतलं बीटा कॅरोटीन हे याच कुळातलं. त्याचाही परिणाम दिसायला किमान दहा आठवडे लागतात आणि तोही माफकच असतो. पण इथे एक धोक्याची पाटी लावावी लागते. अन्नातलं कॅरोटीन निर्धोक आहे. फार तर गाजरं अती खाल्ल्यानं तळहात पिवळे होतील आणि घरचे कावीळ समजून घेऊन येतील. गोळीतलं कॅरोटीन वेगळं. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिल्यानं कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणून विडी-सिगारेट ओढणारा माणूस त्वचेसाठी या गोळ्या घेत असेल, तर त्यानं त्या आजच बंद कराव्यात.

ग्रीन टीबद्दल निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. चॉकलेटच्या प्रयोगांत वापरतात तो खास प्रक्रिया केलेला कडू कोको, दुकानातल्या वडीत मुख्यतः साखर असते. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर आहे, तो खावाच, पण उन्हाच्या प्रयोगांत वापरलेले क आणि ई जीवनसत्त्वांचे डोस इतके मोठे होते की ते आवळ्यानं गाठता येत नाहीत. आणि आपलं लाडकं कोकम? घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत उत्तम, मधुमेह असेल तर बिनसाखरेचं. ते उष्णतेशी लढतं. अतिनील किरणांचा आणि त्याचा काही संबंध प्रस्थापित झालेला नाही.

उलट तोंडावाटे किंवा हाताला लागून उन्हाचा त्रास वाढवणाऱ्या गोष्टींची यादी कुणी छापत नाही. लिंबू पिळलेला हात तसाच घेऊन उन्हात उभं राहिलं तर दोन दिवसांनी कातडीवर ओघळांच्या आकाराचे काळे पट्टे उमटतात, कधी फोडही येतात. सरबताच्या गाडीवाल्यांचे हात पाहा. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी आम्ही डॉक्सिसायक्लिन देतो. ते घेतलेल्या माणसाची त्वचा उन्हात लवकर भाजते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं आणि अंग झाकायचं.

एवढ्या सगळ्या यादीतून चाचणीच्या कसोटीला बऱ्यापैकी उतरलेलं एकच जीवनसत्त्व मला दिसतं, ते म्हणजे ब-३. त्याचं निकोटिनामाइड हे रूप ऑस्ट्रेलियात ३८६ जणांना वर्षभर दिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेलेल्या या माणसांत नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले आणि गोळी थांबवताच फायदाही ओसरला. तिथल्या गोऱ्या, वयस्कर, उन्हानं पोळलेल्या लोकांसाठी हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या निरोगी तरुणानं यासाठी गोळी घेण्याचं काही कारण नाही. पण हे जीवनसत्त्व आपल्यासाठी निराळ्याच कारणानं महत्त्वाचं आहे. ते कमी पडलं तर साधं ऊनही कातडी जाळतं. या आजाराचं नाव पेलाग्रा.

वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला पेलाग्रा म्हणजे परीक्षेपुरता पाठ केलेला प्रश्न वाटतो: त्वचादाह, अतिसार, मतिभ्रंश आणि शेवटी मृत्यू. १७३५ मध्ये स्पेनमधल्या कासाल नावाच्या वैद्यानं गरीब शेतकऱ्यांत त्याचं वर्णन केलं. गळ्याभोवती हारासारखी उमटणारी काळी पट्टी आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. इटालियन भाषेत पेलाग्रा म्हणजे खरखरीत कातडी. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं थैमान घातलं, तेव्हा लोक त्याला संसर्गजन्य समजत होते. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर ११ कैद्यांना काही महिने मका आणि तत्सम निकस जेवणावर ठेवलं. सहा जणांना पेलाग्रा झाला. कैद्यांना माफीचं आमिष दाखवून केलेला असा प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, पण जंतू नव्हे, ताट दोषी आहे हे त्यानं दाखवून दिलं. नेमकं कमी काय पडतं, हे कळायला १९३७ उजाडलं.

यात आपला धागाही आहे. अमेरिकेत मका होता, दख्खनच्या पठारावर ज्वारी होती. हैदराबादच्या रुग्णालयांत ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरिबांत पेलाग्राचे रुग्ण दिसत. तिथल्या राष्ट्रीय पोषण संशोधनाच्या परंपरेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की, ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते ब-३ च्या कामात अडथळा आणतं. या सिद्धान्तावर पुढे बराच वाद झाला. मूळ निरीक्षण मात्र टिकलं. भाकरी आणि ठेचा, बाकी काही नाही, असं महिनोन्‌महिने चाललं की कातडी बोलायला लागते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे ही गोष्ट परक्यांची नाही. ज्वारीला दोष देण्याचं मात्र कारण नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध-ताक किंवा अंडं असेल तर ती उत्तम अन्न आहे. २०२३ च्या भरडधान्य वर्षापासून शहरात ज्वारीला जी प्रतिष्ठा आली तिचा मला आनंदच आहे. फक्त शहरी ताटात भाकरीशेजारी चार वाट्या असतात, हे विसरू नये.

आज पनवेलच्या आसपास पेलाग्रा भाकरीमुळे होत नाही. तो भात, मिरची आणि दारू यांतून येतो. टीबीच्या औषधांतूनही कधी येतो, कारण आयसोनियाझिड हे औषध शरीरातल्या ब-३ च्या निर्मितीत आडवं येतं. म्हणून त्यासोबत पिरिडॉक्सिनची छोटी गोळी दिलेली असते. ती ‘फालतू ताकदीची गोळी’ समजून टाकून देऊ नये.

माणूस कोण असतो ते सांगतो. वीटभट्टीवर कुटुंबासह उतरलेला कातकरी, ज्यानं पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ज्याच्या हाती आठवड्याची खर्ची येते. किंवा नाक्यावर सकाळी उभा राहणारा मजूर, मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-बंगालमधून आलेला. विमानतळ, नवे रस्ते, टॉवर यांनी या तालुक्याचं रूप पालटलं. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. या सगळ्याचं सिमेंट ज्यांनी ओतलं, त्यांचं कामाचं ठिकाण म्हणजे उघडा स्लॅब. खालून काँक्रीट तापतं, वरून किरण. दुपारचं जेवण म्हणजे डब्यातला भात आणि पातळ डाळीचं पाणी, संध्याकाळी अंगदुखीवर उतारा म्हणून देशी. दारू नुसतीच भूक मारत नाही, आतड्यातून जीवनसत्त्वं शोषली जाणंही बिघडवते.

तो येतो तेव्हा म्हणतो, “साहेब, ऊन लागलं.” दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला, पायांवर, मानेभोवती कातडी काळी, जाड, तडकलेली, कडेला सोललेली. डावीकडे जसं, तसंच अगदी उजवीकडे. सदऱ्याची बाही जिथे संपते तिथे आखल्यासारखी रेघ असते, पायावर चपलेच्या पट्ट्याखालची कातडी कोरी राहते. बहुतेकांनी तोवर मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब दोन-तीन महिने चोळलेली असते. गजकर्ण समजून, भाजलं समजून, कधी नुसतं “काळं पडलं, गोरं होईल” म्हणून. क्रीमनं पेलाग्रा बरा होत नाही. विचारलं तरच कळतं की जुलाब लागलेत, जीभ लाल होऊन तिखट झोंबतं, झोप नाही, माणूस चिडचिडा झालाय. बायको म्हणते, “डोकं फिरल्यागत करतोय.” हे सगळं दारूच्या खात्यावर टाकलं जातं आणि मूळ आजार तसाच राहतो.

या कातडीला ऊनच का सोसत नाही? अतिनील किरण पेशीतल्या डीएनएची रोज मोडतोड करतात आणि पेशी रोज ती दुरुस्त करत असतात. त्या दुरुस्तीला आणि एकूणच पेशीच्या इंधनाला ब-३ पासून बनणारं एक द्रव्य लागतं. कोठार रिकामं असेल तर गवंड्याला विटाच मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या कर्करोगाच्या चाचणीमागची कल्पनाही हीच होती. तिथे भरलेल्या कोठारात थोडी भर घातली, इथे कोठार तळाला गेलेलं असतं.

आणि म्हणूनच इथे फरक झपाट्यानं दिसतो. निकोटिनामाइडच्या गोळ्या दिवसाला ३०० मिलिग्रॅम, विभागून, तीन-चार आठवडे आणि सोबत ब गटातली बाकी जीवनसत्त्वं. जुलाब आणि जिभेची आग काही दिवसांत थांबते, मन ताळ्यावर येतं, कातडी काही आठवड्यांत नवी होते. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या एका गोळीत याचा अंश थोडाच असतो, तेव्हा स्वतःच ती घेऊन वाट पाहत बसू नये, डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. टोमॅटोच्या पेस्टनं अडीच महिन्यांत जे साधतं, त्याच्या कैक पटीनं मोठा बदल या स्वस्त गोळीनं आणि बऱ्या जेवणानं होतो. फरक एवढाच की याची जाहिरात करण्यात कुणाचा फायदा नाही.

जेवणाचं गणितही अवघड नाही. प्रौढ कष्टकऱ्याला ब-३ दिवसाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम पुरतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ते १२ मिलिग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे मूठभर दाण्यांत तीन-साडेतीन. शिवाय शेंगदाणे, डाळी, अंडी, मासे यांच्या प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतःही थोडं ब-३ तयार करतं. पांढऱ्या, सडलेल्या तांदळात ते अगदी कमी. आपल्या किनारपट्टीवर सुकट, सुके बोंबील, वाकट्या हा गरिबाचा ठेवा होता. भाताबरोबर मूठभर सुकटीची चटणी असली की प्रथिनांची बरीचशी उणीव भरून निघायची. आता तिचेही भाव वाढलेत आणि बाहेरून आलेल्या मजुराला ती खायची सवय नाही. उरतात दाणे, डाळ, अंडं. दाण्याची चिक्की, गूळ-शेंगदाणे, डाळीची दाट आमटी.

हे वैयक्तिक उपदेशाचं काम नाही असं मला वाटतं, कारण उपदेश ऐकून ज्याच्या खिशात दाणे येतील असा हा माणूस नाही. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळानं राज्यात मध्यान्ह भोजनाची योजना राबवली होती. अशा कोणत्याही थाळीत मूठभर शेंगदाणे किंवा एक अंडं वाढवलं तर तिचा खर्च फार वाढत नाही, पण ज्यांच्यापर्यंत टोमॅटोची यादी पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत ती पोहोचते.

दुसरी गोष्ट वेळेची. खारघरच्या घटनेनंतर सरकारनं दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असं जाहीर केलं. सोहळ्यांना लागू होणारं शहाणपण स्लॅबवरच्या माणसाला का लागू नसावं? आपल्यातल्या अनेकांचे भाऊ-भाचे आखातात आहेत, त्यांना विचारा. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानं बंद असतं. ठेकेदाराला दंड होतो. तिथे हे उष्णतेसाठी केलं गेलं, पण दिवसातल्या अतिनील किरणांचा मोठा वाटाही त्याच वेळात टळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कामाच्या वेळा बदलण्याच्या सूचना दरवर्षी निघतात. मुकादमाच्या मोबाइलमध्ये त्या पोहोचतात, स्लॅबवर नाही.

कॉलेजातल्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलं. नाही, गोळी घेतली म्हणून क्रीम सोडता येत नाही. क्रीम लावलं म्हणून दुपारचं ऊनही सोसत नाही. क्रीम चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून घ्यावं लागतं आणि घाम आला की दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. वाटाण्याएवढं सकाळी एकदा लावणारे निम्मे पैसे वाया घालवतात. वांग असेल तर साध्या दिसणाऱ्या प्रकाशानंही तो वाढतो, त्यासाठी रंगछटा असलेलं क्रीम जास्त उपयोगी. पण पूर्ण बाहीचा दाट विणीचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी, छत्री आणि बाहेरची कामं दहाच्या आत किंवा चारनंतर, यापुढे सगळ्या बाटल्या दुय्यम आहेत. शेतात जाणाऱ्या आगरी बायका डोक्यावरून पदर घेऊन, वर टॉवेल गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवतात, तेच आजही सर्वांत चांगलं सनस्क्रीन आहे. फळं-भाज्या खायच्या त्या हृदयासाठी, साखरेसाठी, पोटासाठी. त्वचेला त्यातून थोडं मिळालं तर ते वरकड.

आणि नाक्यावरच्या मुकादमांसाठी, भट्टीमालकांसाठी, आशाताईंसाठी एवढंच: दोन्ही हातांवर सारखी, बाहीशी थांबणारी काळी, सोलणारी कातडी दिसली आणि सोबत जुलाब किंवा बदललेलं वागणं असेल, तर त्या माणसाला मेडिकलमध्ये न पाठवता जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. केसपेपरवर ‘ऊन लागलं’ एवढंच लिहू देऊ नका, काय जेवतो तेही सांगा.